कोवळी की जून? ‘चिकन’ या एका शब्दाचा खटला

२७ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दिलेल्या एका निकालाची सुरुवात अशी आहे : प्रश्न असा, की चिकन म्हणजे काय? निकाल लिहिणारे न्यायाधीश हेन्री फ्रेंडली. ते खरे तर अपील न्यायालयाचे. या खटल्यापुरते खालच्या न्यायालयात बसले होते. अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेत अत्यंत विद्वान म्हणून नावाजलेल्या या माणसाने इंग्रजीतल्या एका बाजारू, रोजच्या शब्दासाठी साक्षीपुरावे ऐकले, तारा वाचल्या, सरकारी नियम चाळले आणि बाजारभाव ताडून पाहिले. खटल्याचं नाव ‘फ्रिगॅलिमेंट इम्पोर्टिंग कंपनी विरुद्ध बी. एन. एस. इंटरनॅशनल सेल्स कॉर्पोरेशन’.

अमेरिकेत कायद्याच्या पहिल्या वर्षात ‘करार’ शिकवताना हा निकाल वाचायला देतात. मी वकील नाही. इंग्रजी करारांचे मराठी अनुवाद करते. माझ्या मते हा निकाल अनुवादकांनी तर वाचायलाच हवा. एका शब्दाला शब्दकोशात चार अर्थ असतात हे आपल्याला ठाऊक असतं. त्या चारांतला कोणता अर्थ धरायचा हे नेमकं कशावरून ठरतं, याची इतकी शांतपणे केलेली उकल मला दुसरीकडे सापडलेली नाही.

व्यवहार

फ्रिगॅलिमेंट ही स्विस कंपनी, खरेदीदार. बी. एन. एस. ही न्यूयॉर्कची विक्री कंपनी. २ मे १९५७ रोजी दोघांमध्ये दोन करार झाले. माल एकच : अमेरिकेत गोठवलेलं ताजं ‘चिकन’, ‘ए’ प्रतीचं, सरकारी तपासणी झालेलं, आतडी काढून साफ केलेलं, प्रत्येक नग प्लास्टिकच्या आवरणात वेगळा बांधलेला, निर्यातीला योग्य अशा खोक्यांत भरलेला. वजनाचे दोन गट होते. अडीच ते तीन पौंडांचे, म्हणजे साधारण सव्वा किलोच्या आसपासचे मोठे नग. आणि दीड ते दोन पौंडांचे, म्हणजे किलोच्या आतले लहान नग.

पहिल्या करारात मोठे नग ७५,००० पौंड, दर शंभर पौंडांना ३३ डॉलर. लहान नग २५,००० पौंड, दर शंभर पौंडांना साडेछत्तीस डॉलर. दुसरा करार जवळजवळ असाच. त्यात मोठे नग ५०,००० पौंड होते आणि लहान नगांचा दर ३७ डॉलर होता.

एवढा तपशील लिहिला. प्रत, वजन, वेष्टन, खोकी, तारीख, सगळं आलं. राहिलं ते एकच, कोंबडीचं वय.

पहिली खेप स्वित्झर्लंडला पोहोचली. २८ मे रोजी खरेदीदाराच्या लक्षात आलं, की मोठे नग भाजण्या-तळण्याजोग्या कोवळ्या कोंबड्यांचे नाहीतच. ती अंडी देऊन थकलेल्या, तासन्‌तास रटरटत ठेवल्याखेरीज न शिजणाऱ्या कोंबड्यांची धूड आहेत. इंग्रजीत त्यांना ‘स्ट्यूइंग चिकन’ किंवा ‘फाउल’ म्हणतात. बऱ्याच खोक्यांवर आणि पिशव्यांवर तसं स्पष्ट छापलेलंही होतं. तक्रारीच्या तारा सुटल्या. तरी दुसऱ्याच दिवशी, २९ मे रोजी, दुसऱ्या कराराची खेप निघाली आणि तिच्यातही मोठे नग त्याच जातीचे होते. ती खेप पुढे रॉटरडॅमला अडवली गेली.

खरेदीदाराने फिर्याद केली. तो म्हणाला : चिकन म्हणजे कोवळी कोंबडी, भाजायची आणि तळायची. विक्रेता म्हणाला : वजन आणि प्रत करारानुसार भरली, की त्या जातीचा कुठलाही पक्षी चिकनच, रश्श्याची कोंबडीसुद्धा.

आपल्या स्वयंपाकघरात या भेदाला नेमका शब्द आहे. जून भेंडी, जून शेंगा, तशी जून कोंबडी. वय वाढलं की मांसातले धागे एकमेकांशी घट्ट बांधले जातात. तव्यावरच्या किंवा तेलातल्या कोरड्या आचेने ते सैल होत नाहीत; त्यांना पाणी लागतं आणि वेळ लागतो. त्यातून रस्सा उत्तम होतो, पण तळलेला तुकडा दाताला चामड्यासारखा लागतो. म्हणजे हा वाद नुसत्या नावाचा नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या ज्या गिऱ्हाइकाने तव्यासाठी माल मागवला असेल, त्याच्या तो उपयोगाचाच नव्हता.

शब्द मुळात कुठून आला

फ्रेंडली शब्दकोशापाशी फार थांबत नाहीत. कोशात दोन्ही अर्थ आहेत, शिवाय या खटल्याशी संबंध नसलेले आणखीही काही आहेत, एवढं एका वाक्यात सांगून ते पुढे जातात. न्यायाधीशाला ते पुरेसं होतं. मला मात्र इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरं बोलत होते आणि त्याचं कारण शब्दाच्या वयात दडलेलं आहे.

जुन्या इंग्रजीत ‘चिकन’चा पूर्वज पिल्लासाठी वापरला जाई. सगळ्या पाखरांना मिळून ‘फुगोल’ म्हणत. त्याचंच पुढे ‘फाउल’ झालं; जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद ‘फोगेल’ आजही पाखरू या अर्थाने नांदतो. नंतर इंग्रजीत या दोन शब्दांनी उलट दिशेने वाट धरली. ‘फाउल’ आक्रसत गेला : आकाशातल्या सगळ्या पाखरांवरून खुराड्यातल्या कोंबडीवर आला आणि बाजारात तर तिच्यातल्याही जून कोंबडीवर. ‘चिकन’ फुगत गेला : पिल्लावरून कोवळ्या कोंबडीवर, तिथून सबंध जातीवर आणि ताटातल्या मांसावर. पिल्लाला आता ‘चिक’ म्हणतात. हा ‘चिकन’चाच तोडलेला तुकडा आहे.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळात कुठलंही रानातलं जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र झाला, माकड शाखामृग झालं आणि शिकारीला मृगया म्हणू लागले. पुढे तो शब्द आक्रसून हरणापुरता उरला. ‘भात’ आपल्याकडे शेतात उभा असतो, कणगीत भरलेला असतो आणि ताटात वाढलेलाही असतो. ‘मटण’ हा शब्द इंग्रजीत मेंढीच्या मांसाला आहे. आपल्याकडे आला तो बोकडाच्या अंगावर चढला.

‘चिकन’चं मराठीतलं आयुष्यही असंच. इंग्रजीत चिकन अंगणात दाणे टिपतं. मराठीत ते फक्त शिजतं. दारात कोंबडी, ताटात चिकन अशी वाटणी आपण करून टाकली. उधारीचा शब्द घेतला तो त्याच्या एका टोकाचा, बाकीचा मूळ भाषेत सोडून दिला. भ्याड माणसाला चिकन म्हणणं, दोन गाड्या समोरासमोर धावडवून आधी कोण वळतो ते पाहण्याच्या जीवघेण्या खेळाला तेच नाव देणं, हे अर्थ आपल्याकडे फक्त इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचले. तरुण न राहिलेल्या माणसाला इंग्रज म्हणतात, की तो काही आता ‘वसंतातलं चिकन’ नाही. त्या वाक्प्रचारात शब्दाचा जुना, कोवळेपणाचा अर्थ अजून जिवंत आहे. स्विस खरेदीदार नेमका त्याच अर्थावर उभा होता.

१९५७ साल या दृष्टीने फार अडचणीचं होतं, असं माझं मत आहे. अमेरिकेत पूर्वी कोंबडी पाळली जाई ती मुख्यतः अंड्यांसाठी. अंडी देणं थांबलं की तीच कोंबडी पातेल्यात जाई. म्हणजे बाजारातलं बरंच मांस जून कोंबडीचंच. खास मांसासाठी कोवळ्या कोंबड्या वाढवण्याचा धंदा विसाव्या शतकात उभा राहिला. त्याची सुरुवात सांगताना डेलावेअर राज्यातल्या सेसील स्टील या बाईंची गोष्ट नेहमी सांगतात : १९२३ मध्ये त्यांनी पन्नास पिल्लं मागवली आणि चुकून पाचशे आली. त्यांनी ती परत न करता वाढवली आणि मांसासाठी विकली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा घेऊन भरदार छातीच्या, झपाट्याने वाढणाऱ्या जातींचा शोध घेतला गेला. हा नवा पक्षी म्हणजे ‘ब्रॉयलर’. तो बाजारात जसजसा वाढला, तसतसा ‘चिकन’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा पक्षी बदलत गेला. खटल्यातले साक्षीदार उभे राहिले ते नेमके या बदलाच्या मधोमध. म्हणूनच एकाच धंद्यातली, एकाच शहराच्या आसपासची माणसं शपथेवर एकमेकांच्या उलट बोलली आणि तरी त्यांच्यातलं कुणी खोटं बोलत होतं असं वाटत नाही.

इथे एक मराठी गंमत नोंदवायलाच हवी. आपल्या कोंबडीच्या दुकानांत ब्रॉयलरला सर्रास ‘बॉयलर’ म्हणतात : “गावठी देऊ का बॉयलर?” इंग्रजीत ब्रॉयलर म्हणजे थेट आचेवर भाजण्याजोगी कोवळी कोंबडी. इंग्लंडात ‘बॉयलर’ हाही कोंबडीसाठी शब्द आहे आणि त्याचा अर्थ उकळून शिजवायची जून कोंबडी. एक ‘र’कार गळला आणि शब्द थेट फिर्यादीच्या पक्षातून प्रतिवादीच्या पक्षात गेला. आपल्या दुकानात त्यावरून कुणाचं अडत नाही, कारण कोंबडी समोर पिंजऱ्यात असते. समुद्रापलीकडून तार करणाऱ्याला पिंजरा दिसत नाही.

युक्तिवाद, एकेक

खरेदीदाराचा पहिला मुद्दा वजनाचा. दीड-दोन पौंडांची कोंबडी कोवळीच असणार, त्या वजनात जून कोंबडी मिळतच नाही. मग त्याच करारातलं, त्याच शब्दाने सांगितलेलं मोठं चिकनही कोवळंच असायला हवं. ऐकायला हे बिनतोड वाटतं. फ्रेंडली ते एका उदाहरणाने बाजूला ठेवतात : दोन आकारांच्या सफरचंदांचा करार झाला आणि त्यातली एकच जात दोन्ही आकारांत मिळत असली, तरी दोन आकारांसाठी दोन जातींची सफरचंदं देता येतील. शब्द एक आहे म्हणून वस्तू एकच असं नाही.

दुसरा मुद्दा मला सर्वांत जवळचा, कारण तो अनुवादाचा आहे. करारापूर्वीच्या तारा मुख्यतः जर्मन भाषेत होत्या, पण त्यांत ‘चिकन’ हा शब्द मात्र इंग्रजी ठेवला होता. खरेदीदार म्हणाला, हे आम्ही मुद्दाम केलं. जर्मन ‘हून’मध्ये भाजायची ‘ब्राटहून’ही येते आणि रश्श्याची ‘झुपेनहून’ही. इंग्रजी ‘चिकन’ आमच्या समजुतीप्रमाणे फक्त कोवळ्या कोंबडीला लागतं. संदिग्धता टाळायलाच आम्ही परक्या भाषेतला शब्द घेतला.

मी हे वाचलं तेव्हा थबकले. आपणही हेच करतो. मराठी शब्द मोघम वाटला, की इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो आणि नेमकेपणा आला असं समजतो. ‘चिकन’ उचलणाऱ्या त्या माणसाने शब्दाचं आपल्याला ओळखीचं टोक धरलं. दुसरं टोक समोरच्याच्या हातात होतं.

विक्रेत्याच्या अधिकाऱ्याला जर्मन उत्तम येत होतं. त्याने साक्षीत सांगितलं, की खरेदीदाराचा न्यूयॉर्कमधला मध्यस्थ ऑर्डर घेऊन आला तेव्हा मी विचारलं : कोणत्या प्रकारचं चिकन हवंय? उत्तर मिळालं : कोणत्याही प्रकारचं. मग त्याने जर्मनमध्ये विचारलं, तारेतल्या शब्दाचा अर्थ ‘हून’ असा धरायचा का? तो म्हणाला, हो. म्हणजे ज्या व्यापक शब्दापासून दूर राहण्यासाठी इंग्रजी शब्द निवडला होता, त्याच शब्दात मध्यस्थाने त्याचं भाषांतर करून दिलं.

खरेदीदाराने यावर हरकत घेतली : या मध्यस्थाला आमच्या तारेचा अर्थ लावायचा अधिकारच नव्हता. फ्रेंडलींचं उत्तर निकालातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. त्याचा आशय असा : दर किंवा तारखा बदलायचा अधिकार त्या माणसाला नसेलही. पण तुम्ही आपल्या तारेला कराराचा शब्दकोश म्हणून पुढे करता, आणि तो शब्दकोश ज्याच्या हाती दिला त्यानेच लावलेला अर्थ मात्र नाकारता. दोन्ही एकदम चालणार नाही.

तिसरा मुद्दा धंद्यातल्या वहिवाटीचा. खरेदीदाराचं म्हणणं, कोंबडीच्या बाजारात चिकन म्हणजे कोवळंच. मोठ्या स्विस सहकारी संस्थांसाठी न्यूयॉर्कमध्ये खरेदी करणारा एकजण म्हणाला, चिकन म्हटलं की मी ब्रॉयलरच समजेन. उलटतपासणीत निघालं, की तो स्वतः ऑर्डर देताना काळजीपूर्वक ‘ब्रॉयलर’ असंच लिहितो. बाजारभावांचं दैनिक पत्रक काढणाऱ्या संस्थेतला माणूसही त्याच बाजूने बोलला. विक्रेत्याच्या बाजूने न्यू जर्सीतला, कोंबड्या साफ करण्याच्या कारखान्याचा चालक उभा राहिला. तो म्हणाला, हंस, बदक आणि टर्की सोडून सगळं चिकनच. पण मग कोणतं हवं ते तुम्हाला सांगावं लागतं. अन्नतपासणीचं काम करणाऱ्या दुसऱ्या एका साक्षीदाराने सरकारी नियमांचा आधार घेतला. अमेरिकी कृषी खात्याच्या नियमांत ‘चिकन’खाली सहा वर्ग होते : ब्रॉयलर किंवा फ्रायर, त्याहून मोठी भाजायची कोंबडी, खच्ची केलेला कोंबडा म्हणजे केपन, स्टॅग म्हणजे निबर होऊ लागलेला नर, मग हेन किंवा स्ट्यूइंग चिकन किंवा फाउल, आणि शेवटी म्हातारा कोंबडा. करारात ‘ए’ प्रत आणि सरकारी तपासणी यांचा उल्लेख होता. त्यामुळे या नियमांकडे आडून का होईना बोट दाखवलेलं होतं.

त्यात विक्रेता या धंद्यात नवखा. कोंबडीचा व्यवहार तो पहिल्यांदाच करत होता. नवख्याला वहिवाट लागू करायची, तर ती त्याला प्रत्यक्ष माहीत होती किंवा माहीत नसणंच अशक्य इतकी ती सर्वदूर पसरलेली होती, हे दाखवावं लागतं. साक्षीदारच जिथे दोन गटांत उभे, तिथे हे कसं दाखवणार?

या ठिकाणी मला आपला १८७२ चा भारतीय करार कायदा आठवतो. त्याच्या २९ व्या कलमाखाली दिलेली उदाहरणं मी पूर्वी नुसती वाचून सोडली होती. ‘शंभर टन तेल’ विकायचा करार झाला आणि कोणतं तेल ते कशावरूनच कळत नसेल, तर अनिश्चिततेपायी करार रद्दबातल. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर करार टिकतो. त्याचा धंदाच तेलाचं नाव सांगतो. न्यूयॉर्कच्या विक्रेत्याला असा धंदाच नव्हता. त्याच्या दुकानाकडे पाहून शब्दाचा अर्थ लावता येईल असं तिथे काहीच नव्हतं.

भाव

माझ्या मते तराजू झुकला तो इथे. इतर मुद्द्यांवर दोन्ही बाजूंनी भांडता येतं, आकड्यांवर येत नाही.

करारातला भाव पौंडाला ३३ सेंट. त्या सुमारास अडीच-तीन पौंडांच्या ब्रॉयलरचा बाजारभाव ३५ ते ३७ सेंट होता. म्हणजे विक्रेत्याने खरोखर कोवळ्या कोंबड्या द्यायचं कबूल केलं असतं, तर पौंडामागे दोन ते चार सेंट पदरचे घातले असते. दोन्ही करारांतले मोठे नग मिळून १,२५,००० पौंड. हिशेब केला तर निव्वळ खरेदीतच किमान अडीच हजार डॉलरचा तोटा, वाहतूक आणि इतर खर्च वेगळाच. रश्श्याच्या कोंबड्या विक्रेत्याला मिळाल्या त्या ३० सेंट भावाने. त्यात विक्रेत्याला थोडा नफा सुटत होता. आपला विक्रेता दोन पैसे कमावणारच, हे खरेदीदाराला कळायला हवं होतं, असं फ्रेंडली म्हणतात.

मंडईत भाजी घेणाऱ्या कुणालाही हे पटेल. भाव ऐकूनच आपल्याला माल कळतो. तोतापुरीच्या भावात कुणी हापूस देऊ करतो, तेव्हा आपण पेटीच्या तळाशी हात घालतो. शब्दाने जे सांगायचं टाळलं होतं, ते आकड्याने सांगितलं होतं.

निकाल आणि त्यानंतरचा विचार

फिर्याद फेटाळली गेली. पण ती कोणत्या शब्दांत फेटाळली हे महत्त्वाचं. ‘चिकन’चा अर्थ व्यापकच आहे असं न्यायालयाने ठरवलं नाही. अरुंद अर्थ धरायला हवा हे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर होता आणि तो त्याला पेलला नाही, एवढंच म्हटलं. विक्रेत्याच्या मनातला अर्थ निदान एका उघड, बाहेर दिसणाऱ्या अर्थाशी जुळत होता : सरकारी नियम, बाजारातल्या काहींची वहिवाट, भाव आणि खुद्द खरेदीदाराच्या माणसाचे शब्द. निकालात होम्स या थोर न्यायाधीशाचं एक जुनं मत आधाराला घेतलं आहे, की करार होतो तो दोन मनांच्या जुळण्याने नव्हे, तर दोघांनी बाहेर जे म्हटलं त्याच्या जुळण्याने. दोघांना एकच अभिप्रेत होतं का हे पाहायचं नाही, दोघं एकच बोलले का ते पाहायचं.

आपल्या करार कायद्याचं १३ वं कलम वेगळ्या वाटेने जातं. दोघं एकाच गोष्टीवर ‘एकाच अर्थाने’ सहमत झाले तरच ती संमती, असं ते सांगतं. स्विस खरेदीदार आणि न्यूयॉर्कचा विक्रेता एकच शब्द बोलले, पण एकाच अर्थाने बोलले का? प्रामाणिक उत्तर, नाही.

फ्रेंडलींनाही पुढे हे खटकलं असावं. १९६१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात वेगळं मत नोंदवताना त्यांनी आपल्याच ‘चिकन’ निकालाकडे मागे वळून पाहिलं. तो निकाल दोन्ही पक्षांची मनं जुळलीच नव्हती या पायावर ठेवला असता तर बरं झालं असतं, असं त्यांनी लिहिलं. तोटा तरीही खरेदीदारावरच राहिला असता, कारण विक्रेत्याने त्या शब्दावर विसंबून माल पाठवला होता आणि त्यात त्याचं वावगं नव्हतं. न्यायाधीशाने आपल्या निकालाचं टोक न बदलता त्याच्याकडे नेणारी वाट बदलायची तयारी दाखवणं, तेही वर्षाच्या आत, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ही दुसरी वाट मला अधिक खरी वाटते. पहिल्या निकालात खरेदीदार सिद्ध करू न शकणारा ठरतो. दुसऱ्या विचारात दोघांमध्ये मुळातच करार न झाल्याचं मान्य होतं.

या दुसऱ्या वाटेचा सर्वांत प्रसिद्ध दाखला इंग्लंडातला आणि त्याचं एक टोक मुंबईत आहे. १८६४ चा ‘रॅफल्स विरुद्ध विचेलहाउस’ हा खटला. अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, तिथला कापूस अडलेला, आणि मुंबईहून लिव्हरपूलला जाणाऱ्या कापसाला सोन्याचे दिवस आलेले. ‘मुंबईहून येणाऱ्या पीअरलेस जहाजातल्या’ सुरती कापसाच्या १२५ गासड्यांचा सौदा झाला. मुंबईहून निघणारी पीअरलेस नावाची जहाजं निघाली दोन : एक ऑक्टोबरात सुटलेलं, दुसरं डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, देणाऱ्याच्या मनात दुसरं. डिसेंबरचा माल आला तेव्हा घेणाऱ्याने तो नाकारला आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. मुंबईच्या बंदरातून हाकलेल्या त्या दोन शिडांखाली कायद्याचे विद्यार्थी अजून बसलेले असतात. जाता जाता : त्या काळी लँकेशायरमध्ये पश्चिम हिंदुस्थानातून येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाला सर्रास ‘सुरत’ म्हणत, मग तो सुरतेच्या आसपास पिकलेला असो वा नसो. जहाजाच्या नावावर भांडणाऱ्यांच्या करारात मालाचं नावही असंच सैल होतं. त्यावरून मात्र कुणी भांडलं नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ दोघांनाही एकच माहीत होता.

‘चिकन’च्या खटल्यात एका साक्षीदाराविषयी मी आतापर्यंत लिहिलं नाही. विक्रेत्याला रश्श्याच्या कोंबड्या ज्यांनी पुरवल्या, त्यांच्यातल्या एका कंपनीचा तो अधिकारी. साक्षीत तो खरेदीदाराच्या बाजूने बोलला : चिकनमध्ये स्ट्यूइंग चिकन येत नाही. पण विक्रेत्याची ऑर्डर आली तेव्हा त्याने आधी विचारून घेतलं होतं, की फाउल हवं की तळायचं चिकन? माल पाठवला तो फाउलचाच. आणि मूळ करार मंजूर झाल्यावर एका-दोन दिवसांत त्याने विक्रेत्याला कळवलं, तुमच्या ऑर्डरच्या पत्रात नुसतं ‘चिकन’ आहे, ते बदलून ‘स्ट्यूइंग चिकन’ करून द्या.